पाऊण तास म्हणजे किती मिनिटं

माझ्या कामात सगळ्याला माप असतं. मी नर्स आहे, नागावजवळच्या एका उपकेंद्रात. बाळ जन्मलं की त्याचं वजन करायचं, मग दर महिन्याला करायचं आणि तक्त्यावर टिंब मारायचं. टिंब खालच्या पट्ट्यात घसरलं की घरी फेरी, आईची कानउघाडणी, पोषण आहार, आणि तरीही वाढलं नाही तर तालुक्याला पाठवणी. राज्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात जा, तक्ता हाच. एकदा प्रशिक्षणात मी विचारलं होतं की टिंब वरच्या बाजूने पट्ट्याबाहेर गेलं तर काय करायचं. सगळे हसले. शिकवणारे म्हणाले, सिस्टर, मग पेढे वाटा. तेव्हा मीही हसले होते.

मला मूल झालं तेव्हा त्याचं टिंब वरच्या बाजूने बाहेर गेलं. वजनाचं नव्हे. वजनाने ती बेताचीच होती.

माझा नवरा मांडव्याला जेट्टीवर कामाला आहे. गेटवेहून येणाऱ्या बोटी लावून घ्यायच्या, दोर बांधायचे, उतारूंना हात द्यायचा. त्यामुळे आमच्या घरात घड्याळाच्या आधी भरती-ओहोटी बघतात. ती काढायचा इकडचा हिशोब सोपा आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमी असेल तर सहा वाजता. त्याने हे त्याच्या वडिलांकडून घेतलं, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. मुलगी दुसरीत असताना त्याने तिलाही शिकवलं. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, बाबा, अमावास्येला बारा वाजता भरती असते, पौर्णिमेलाही बारालाच असते. मग पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकराच कशी येते? मधला पाऊण तास कुठे गेला?

नवऱ्याने बोटांवर मोजून पाहिलं. मी म्हटलं, जेव आधी. ती जेवली, हात धुऊन आली आणि म्हणाली, पाऊण तास धरायचाच नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं धरायची. मग बरोबर बारा तास होतात. नवरा खदखदून हसला. म्हणाला, तीन मिनिटांनी काय बोट बुडत न्हाय गो बाय. पण दुसऱ्या दिवशी जेट्टीवर त्याने ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली, आणि संध्याकाळी येताना तिच्यासाठी कलिंगड आणलं.

आमच्या घरात देव्हारा नाही. माझ्या आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातले देव खाडीत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात पाटी ठेवली. मग माझे वडील शिक्षक झाले, मी नर्स झाले. येत नसेल तर शिका, येत असेल तर उभं राहून मोठ्याने सांगा, एवढंच आमच्या घरातलं कर्मकांड. येत असून नाही म्हणणारं माणूस मी माझ्या माहेरी पाहिलं नाही.

म्हणून तिसरीत तिचा निकाल उतरला तेव्हा मला कळेना, घोडं पेंड कुठे खातंय. लेखी बरं होतं, पण तोंडी कामात काहीच नव्हतं. प्रगतिपुस्तकात शेरा होता, उत्तरे देत नाही, लक्ष नसते. चौथीच्या पहिल्याच चाचणीत तोच शेरा जरा जास्त रागाने लिहिलेला होता. घरी ती चोवीस तास बडबडायची. नारळाच्या झावळीला पानं दोन्ही बाजूंना सारखी असतात का, हे मोजायला तिने वाडीतली अर्धी झावळी सोलली होती. आणि शाळेत म्हणे लक्ष नसते. मी तडक शाळेत गेले.

तिच्या मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. दोन वर्ग एका खोलीत घेऊन बसायच्या, एका भिंतीला तिसरी, दुसऱ्या भिंतीला चौथी, त्यात वरून सारखी माहिती मागवलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाल्या, "ताई, हुशार मुलांचं काही नसतं हो. त्यांना कुठेही टाका, ती शिकतातच. मला मागची पुढे आणायची आहेत. तपासणीला आले की तेच विचारतात."

मला राग आला, पण बोलायला जागा नव्हती. त्या मागच्या मुलांमध्ये मीच वजन केलेली मुलं होती. त्याच वर्गात एका मुलाला ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी तालुक्याहून विशेष शिक्षिका येते. यायलाच हवी. माझं म्हणणं इतकंच होतं की माझ्या मुलीसाठी कोण येणार? हे मोठ्याने म्हणावं तर लोक तोंडावर हसतात. पोर हुशार आहे आणि ही बाई रडते. माझ्या नणंदेने तर सरळ सांगितलं, "वहिनी, दुखणं नसलं की माणूस दुखणं शोधतो." वर तोंड करून तीच आपल्या मुलाच्या शिकवण्यांच्या कटकटी तासभर सांगत बसली.

खरा प्रकार मला जंताच्या गोळ्यांच्या दिवशी कळला. वर्षातून दोनदा आम्ही शाळेत जाऊन मुलांना जंतनाशक गोळ्या देतो. रिकाम्या पोटी द्यायच्या नसतात, म्हणून खिचडी होईपर्यंत मी ओट्यावर बसले होते. आत मॅडमचा तोंडी प्रश्नांचा तास चालला होता. खिडकीतून मला माझी मुलगी दिसत होती. मॅडमनी विचारलं, पाऊण तास म्हणजे किती मिनिटं?

मी मनात म्हटलं, आता बघा. आमच्या घरातला पाऊण तास आहे हा.

ती उठली नाही. हात नाही, मान वर नाही. तिच्या शेजारची मुलगी उठली. ही तिची सख्खी मैत्रीण, आमच्या मागच्या वाडीत राहणारी, खाताना झोपताना बरोबर असणारी. ती जरा थांबली, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, पंचेचाळीस. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, धर आता.

मग वर्ग उठून उभा राहिला आणि ती मैत्रीण एका टोकापासून प्रत्येकाचा कान धरत निघाली. ज्याला उत्तर आलं त्याने बाकीच्यांचे कान धरायचे, ही पद्धत माझ्या लहानपणीही होती. तेव्हा तर नाक धरून थोबाडीत मारायला लावायचे. मी स्वतः कितीतरी खाल्ल्या आहेत, माझे पाढे कच्चे होते. आता मारायला बंदी आली, म्हणून गुरुजींचा हात मागे झाला आणि कान तेवढा राहिला. मुलं हसत होती. कुणाला लागत नव्हतं. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने आपणहून मान खाली केली, मैत्रिणीचा हात पोचावा म्हणून. आणि तीही हसत होती.

मी गोळ्या वाटल्या. तिलाही दिली. काही बोलले नाही, कारण अंगावर सरकारी साडी होती आणि तोंडात शिवी आली होती.

घरी येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. मी विचारलं, येत होतं ना? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मग उठली का नाहीस? मी स्कूटर सुरूच्या बनापाशी थांबवली आणि खाली उतरले. मी दटावलं की ती मिटते, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. मग ती बोलली.

"तिचा डावा कान वाहतो. तूच औषध घालतेस. मला आलं की मला तो धरायला लागतो."

मी म्हटलं, मग उजवा धरायचा, नाहीतर नुसता हात लावायचा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा विचार तिने कधीच करून टाकून दिला होता. म्हणाली, ती उजव्या बाजूला भिंतीला टेकून असते आणि हळू धरला की मॅडम म्हणतात, नीट धर, लाड नकोत. एकदा नीट धरला होता. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती रडली नाही. "मला नाही आलं तर कुणाला नाही लागत," असं ती म्हणाली आणि वाळूत पाय घासत राहिली.

मला रडू आलं. अभिमान वाटला, राग आला, भीती वाटली, सगळं एकदम. त्या कानाची गोष्ट तिला मीच सांगितली होती. मैत्रिणीची आई एका होमस्टेवर स्वयंपाक करते, तिला वेळ नसतो, म्हणून कानाचं औषध आमच्याच ओट्यावर घातलं जायचं. मी घालताना सांगायची, बघ, इथे धक्का लागता कामा नये. वर्गात एवढ्या पोरांपैकी हे हिने एकटीने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना भेटले. त्या आधी म्हणाल्या, गंमत असते हो ताई. मग कानाचं ऐकून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी त्या दिवसापासून कान धरणं बंद केलं. कायमचं. मैत्रिणीला मी अलिबागला कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि दिवाळीपर्यंत तिचा कान कोरडा झाला. मला वाटलं, संपलं. रोगाचं कारण सापडलं, कारण काढलं, आता रोगी बरा होणार. माझा धंदाच तो.

कान बरा झाला. माझ्या मुलीचं गप्प बसणं मात्र तसंच राहिलं.

त्यातच एक आशेची गोष्ट आली. मॅडमनीच मला बोलावून सांगितलं की राज्यात आता प्रज्ञावान मुलांसाठी एकच पद्धत लावायची ठरतेय. मूल कसं ओळखायचं, त्याला काय द्यायचं, शिक्षकाला काय शिकवायचं, हे सगळीकडे सारखं. आपल्या जिल्ह्यात सुरुवात म्हणून अलिबागला दर शनिवारी वर्ग भरणार आहे, आणि ज्या विषयात मूल पुढे असेल त्यात त्याला वरच्या इयत्तेचं शिकू देणार आहेत. मला अक्षरशः तक्ता दिसायला लागला. वरच्या बाजूने बाहेर गेलेल्या टिंबासाठी शेवटी कुणीतरी रेघ आखली होती. माझे वडील असते तर त्यांनी पेढेच वाटले असते.

पण निवडीचा पहिला नियम होता की वर्गात जे मूल सतत पुढे दिसतं त्याची शाळेने शिफारस करायची. आता वर्गात पुढे कोण दिसत होतं? मैत्रीण. माझी पोर गप्प बसत गेली आणि तिच्या जागी ही कष्टाळू, गोड मुलगी उत्तरं द्यायला शिकली होती. मॅडम अडचणीत पडल्या. शेवटी दोन मुलं पाठवायला परवानगी होती म्हणून त्यांनी दोघींची नावं दिली. मी मैत्रिणीच्या आईला सांगायला गेले तेव्हा ती वालाच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "नर्सबाय, शनवारी माज्याकडं पावने असतात, मला कुटं जमतंय? तू नेशील तर ने. माजी पोर तुज्या पोरीबिगर जायाची न्हाय." मी म्हटलं, दोघींना नेते.

निवडीच्या दिवशी मी रजा घेतली. दोघींना सारख्या दोन वेण्या घातल्या. रस्त्यात मी मुलीला पुन्हा पुन्हा सांगितलं की तिथे कुणी कुणाचा कान धरत नाही. तिने विचारलं, मग ज्याला येत नाही त्याचं काय करतात? मी म्हटलं, काही नाही, तो घरी जातो. हे उत्तर देताना मला ते फार चांगलं वाटलं होतं.

मुलांना गटागटाने गोल बसवून कोडी घालत होते, तोंडी. कल्पना चांगली होती. लेखी परीक्षेत क्लासची मुलं पुढे जातात, तोंडी विचारलं की खरी बुद्धी दिसते, असं बाहेर बसलेल्या पालकांना समजावून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघी एकाच शाळेच्या म्हणून एकाच गटात बसल्या, हे मला नंतर कळलं.

दोघी बाहेर आल्या. मुलगी पुढे चालत गेली, भेळवाल्याकडे बघत. मैत्रीण माझ्याजवळ थांबली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "काकी, मला काय पन येत नव्हतं. तिला येत व्हतं. ती माज्याकडं बगत व्हती आनि बोललीच न्हाय."

निवड झाली नाही, दोघींचीही नाही. मी आत जाऊन बोलले, हिला एकटीला बसवून विचारून बघा म्हटलं. ज्या बाई कोडी घालत होत्या त्या समजूतदार होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, असं होतं कधी कधी, पण आम्हाला जे दिसतं तेच धरावं लागतं. सगळ्या जिल्ह्यांना एकच नियम. आज एकीला वेगळं बसवलं तर उद्या प्रत्येक पालक म्हणेल, आमचंही मूल मनात बोलतं. हे खोटं नव्हतं. मीही वजनाच्या काट्यावर आईच्या मायेचं वजन धरत नाही. मी नमस्कार करून बाहेर आले आणि तिघींसाठी भेळ घेतली. मैत्रिणीने डोळे पुसून सगळी खाल्ली.

इथवरही मी सावरले असते. पुढच्या वर्षी पुन्हा निवड होईल, तोवर मी आहे, घर आहे, बाप आहे, असं मी मनाला सांगत होते. घरी तर ती बोलते ना. मग पावसाळ्यात डासांचं काम निघालं. वाड्यांमधल्या गोल टाक्यांत औषध टाकायचं होतं आणि एका टाकीत पाणी किती मावेल ते मला काढता येईना. असलं काही अडलं की मी तिलाच हाक मारायची. तिलाही ते आवडायचं. त्या दिवशी मी टाकीची उंची, रुंदी सांगितली आणि म्हटलं, काढ बघू. ती पेन्सिल घेऊन आली. कागद ओढला. मग थांबली आणि तिने मला विचारलं,

"तुला येतं का?"

मी म्हटलं, नाही ना गं, म्हणून तर तुला विचारते.

तिने पेन्सिल खाली ठेवली. अगदी हलक्या हाताने ठेवली. म्हणाली, मग मला पण नाही येत.

तिला येत होतं, हे मी तिच्या आईच्या नात्याने नाही, रोज माणसांचे चेहरे वाचणारी नर्स म्हणून सांगते. दुखत नाही म्हणणाऱ्या बाईचं पोट मी कितीदा दाबून पाहिलंय. ही आता फक्त शाळेतच गप्प बसत नव्हती. समोरच्या माणसाला जेवढं येतं तेवढंच आपल्याला येऊ द्यायचं, हा तिने स्वतःला लावून घेतलेला नियम होता, आणि तो तिने आता माझ्यापर्यंत आणला होता.

तेव्हापासून मी शिकतेय. आमच्या उपकेंद्रातल्या आशाताईच्या मुलाची सातवी-आठवीची पुस्तकं मागून आणली आहेत. लसीकरणाच्या दिवशी बाळं झोपली की मी गणितं सोडवते. टाकीचं पाणी आता मला काढता येतं. त्या दिवशी मी तिला सांगितलं, मला येतं हं, तर तिचा चेहरा असा उघडला की काय सांगू. तिने माझं उत्तर तपासलं, एक चूकही काढली आणि पुढे अर्धा तास बडबडली. नवरा म्हणतो, या वयात तुला हे काय सुचलं. मी त्याला म्हटलं, तू तुझी बोट सांभाळ.

पण ती पाचवीत आहे आणि मला आठवीच्या पुस्तकात अडायला लागलंय. संध्याकाळी चार पानं वाचली की डोळे मिटतात. मी पळते तेवढी ती चालते. मला हे कुठेतरी जाऊन सांगायचंय, पण कुणाला सांगू? पुढच्या निवडीची काही बातमी नाही. मॅडमची बदली झाली. शनिवारचा वर्ग चालू आहे असं ऐकते, चांगला चालतो म्हणतात.

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो होतो. पाहुण्यांची गर्दी होती, घोडागाड्या चालल्या होत्या. पाणी वर चढत होतं. ती पायाच्या बोटांनी वाळूत रेघ ओढून लाट कुठवर येते ते बघत होती. मग म्हणाली, चंद्र तर एकाच बाजूला असतो. मग भरती दिवसातून दोनदा का येते? आणि लगेच माझ्याकडे वळून तिने विचारलं, तुला माहीत आहे का?

मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं. पुस्तकात ते कुठल्या पानावर असेल, हेही मला माहीत नव्हतं.

मग तिला एक युक्ती सुचली आणि तिचा चेहरा खुलला. "आपण दोघी एकदम सांगूया," ती म्हणाली. "म्हणजे कुणी पहिलं नाही. मी तीन म्हटलं की सांगायचं."

तिने एक म्हटलं, दोन म्हटलं. माझा हात हातात घट्ट धरून तीन म्हटलं.

मी गप्प राहिले. तिचे ओठ उघडले होते, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते मिटले.